कोंड्याचा मांडा : इटलीची भाषा, इतिहास आणि प्रादेशिक अन्न

इटालियन भाषेची सर्वांत प्रतिष्ठित संस्था स्वतःला कोंड्याची अकादमी म्हणवते. १५८३ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये स्थापन झालेल्या 'आकादेमिया देल्ला क्रुस्का' या संस्थेच्या नावातील 'क्रुस्का' या शब्दाचा अर्थच मुळी कोंडा असा आहे. पीठ चाळण्याचे यंत्र हे तिचे बोधचिन्ह. सभासदांची टोपणनावेही पीठ, पाव, धान्य यांच्याभोवती फिरणारी. लिओनार्दो साल्व्हियाती या तिच्या आरंभीच्या सूत्रधाराने स्वतःसाठी 'इन्फारिनातो', म्हणजे पिठाने माखलेला, असे नाव घेतले होते. भाषा चाळून घ्यावी, उत्तम लेखकांचे शब्द पीठ म्हणून राखावेत आणि चाळणीत उरलेला कोंडा टाकून द्यावा, अशी ही कल्पना. १६१२ साली व्हेनिसमध्ये छापलेला या अकादमीचा शब्दकोश याच कल्पनेवर उभा होता आणि त्यातले 'पीठ' मुख्यतः चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या भाषेचे, म्हणजे दान्ते, पेत्रार्का आणि बोक्काचिओ यांच्या परंपरेचे होते.

या रूपकाकडे भाषेच्या इतिहासकारांनी पिठाच्या बाजूने भरपूर पाहिले आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे कोंड्याच्या बाजूने पाहावे असा विचार आहे. प्रमाणभाषेच्या चाळणीने जे वगळले ते नाहीसे झाले नाही. त्यातला बराचसा भाग स्वयंपाकघरात, बाजारात आणि सणासुदीच्या ताटात टिकून राहिला. म्हणून इटलीचा इतिहास आणि तिची भाषा शिकू पाहणाऱ्याने प्रादेशिक अन्नाकडे गंभीरपणे वळले पाहिजे. इटालियन शिकवताना अन्नाचा विषय येत नाही असे नाही. पण तो बहुधा तोंडी लावण्यापुरता येतो. उपाहारगृहातील संवाद, चार पदार्थांची नावे, एखादे रंगीत चित्र, आणि मग 'खरा' अभ्यास सुरू होतो. माझे म्हणणे असे की पारंपरिक पदार्थ हा स्वतःच एक दस्तऐवज आहे, आणि एखाद्या संहितेची चिकित्सा आपण ज्या काटेकोरपणे करतो त्याच काटेकोरपणे त्याची चिकित्सा व्हायला हवी. या विधानाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रथम भाषिक परिस्थिती ध्यानात घेऊ. १८६१ मध्ये इटलीचे राज्य एक झाले तेव्हा देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. त्या वेळी किती लोकांना इटालियन येत होते, याचा तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये केलेला अंदाज आहे जेमतेम अडीच टक्के. पुढे १९८२ मध्ये आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तोस्काना आणि मध्य इटलीतील लोकांचा निराळा हिशेब करून हा आकडा दहा टक्क्यांच्या जवळ नेला. कोणताही अंदाज स्वीकारला तरी दहातल्या नऊ इटालियनांच्या तोंडी त्या दिवशी इटालियन नव्हती. ते बोलत होते व्हेनेशियन, लोंबार्द, नेपोलितान, सिचिलियन, सार्दिनियन. या भाषांना 'बोली' म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्या इटालियनच्या बिघडलेल्या आवृत्त्या नव्हेत. लॅटिनपासून स्वतंत्रपणे निघालेल्या त्या तिच्या बहिणी आहेत.

या नव्या राष्ट्राची भाषा कोणती असावी, यावर जो वाद झाला तो साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. आलेस्सांद्रो मान्झोनी याने 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी १८२७ मध्ये पूर्ण प्रसिद्ध केली आणि नंतर फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीचा आदर्श ठेवून ती पुन्हा लिहून काढली. ही सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. १८६८ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात त्याने हाच आदर्श सर्व देशासाठी सुचवला. १८७३ मध्ये ग्रात्सियादिओ अस्कोली या भाषाशास्त्रज्ञाने त्याला विरोध केला. एका शहराची बोली वरून लादून भाषा एक होत नाही, ती ज्ञानव्यवहाराच्या आणि देवघेवीच्या विस्तारातून घडते, असा त्याचा आशय होता. या वादात दोन्ही बाजूंनी शाळा, ग्रंथ, शिक्षक यांचा विचार झाला. स्वयंपाकघर कोणाच्याच विचारात नव्हते.

आणि नेमके तिथेच एक उत्तर तयार होत होते. पेल्लेग्रिनो आर्तुझी हा १८२० मध्ये रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोली येथे जन्मलेला व्यापारी. १८५१ मध्ये 'पास्सातोरे' नावाच्या दरोडेखोराच्या टोळीने त्या गावावर धाड घातली, त्यानंतर हे कुटुंब फ्लॉरेन्सला गेले. व्यापारातून निवृत्त झाल्यावर आर्तुझीने समीक्षक होण्याची हौस भागवून पाहिली. उगो फोस्कोलो या कवीचे चरित्र आणि जुझेप्पे जुस्ती याच्या पत्रांवरील टिपणे अशी दोन पुस्तके त्याने लिहिली. दोन्हींकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मग १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने स्वतःच्या खर्चाने एक पाककृतींचे पुस्तक छापले. 'ला शेन्त्सा इन कुचिना ए लार्ते दि मांजार बेने' हे त्याचे नाव. म्हणजे स्वयंपाकातील शास्त्र आणि चांगले खाण्याची कला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार आणि पाककृती ४७५. १९११ मध्ये आर्तुझी वारला तोपर्यंत पाककृतींची संख्या ७९० झाली होती आणि चौदा आवृत्त्या निघाल्या होत्या.

ही वाढ कशी झाली, हा आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील वाचक, त्यांत मोठ्या संख्येने गृहिणी, आर्तुझीला पत्रे लिहीत. आपल्या गावची कृती कळवत, त्याची चूक दाखवत, प्रमाण विचारत. आर्तुझी घरच्या स्वयंपाक्यांकडून, फ्रांचेस्को रुफ्फिल्ली आणि मारिएत्ता साबातिनी यांच्याकडून, ती कृती करवून पाहत असे आणि मग स्वतःच्या नितळ, मिस्कील तोस्कान गद्यात लिहून काढत असे. तोवरच्या पाकशास्त्राच्या भाषेवर फ्रेंचचा पगडा होता. आर्तुझीने फ्रेंच शब्दांना इटालियन वळण दिले, आणि तोस्कानाबाहेरच्या वाचकांसाठी पुस्तकाच्या आरंभी तोस्कान शब्दांचा छोटा कोश जोडला. ज्या घरात मान्झोनीची कादंबरी शाळेपुरती उघडली जाई, त्या घरात हे पुस्तक रोज उघडले जाई. १९७० मध्ये आर्तुझीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित करताना पिएरो कांपोरेझी यांनी, राष्ट्रीय एकीकरणाच्या कामी या पुस्तकाने मान्झोनीच्या कादंबरीपेक्षाही अधिक साधले, अशा आशयाचे विधान केले. ते थोडे खोडकर असले तरी पोकळ नाही. अस्कोलीला जी देवघेव हवी होती ती काही प्रमाणात या पत्रव्यवहारात घडत होती.

अर्थात आर्तुझी हीदेखील एक चाळणीच आहे. त्याच्या पुस्तकात एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना भरभरून आहेत, दक्षिण इटली मात्र तुरळक. एकीकरणानंतर उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे अंतर राजकारणात दिसते तेच या अनुक्रमणिकेतही दिसते. म्हणजे पाककृतींचे पुस्तक वाचताना त्यात काय नाही हेही वाचावे लागते. इतिहासाच्या कोणत्याही साधनाला लागू पडणारा हा नियम आहे.

आता शब्दांकडे वळू. आर्तुझीने वांग्यासाठी 'पेतोंचानो' हा तोस्कान शब्द वापरला आहे. आज प्रमाण इटालियनमध्ये त्याची जागा 'मेलान्झाना' या शब्दाने घेतली आहे. हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाची, 'बादिंजान'ची, दोन निराळ्या वाटांनी आलेली रूपे आहेत. दुसऱ्या रूपात 'मेला', म्हणजे सफरचंद, हा ओळखीचा शब्द लोकांनी आपसूक मिसळला, आणि मग 'मेला इन्साना', वेडे सफरचंद, अशी व्युत्पत्तीही रचली गेली. अरबी शब्द फारसीतून आला आणि फारसी शब्द संस्कृत 'वातिंगण' या शब्दाशी जोडला जातो; आपले वांगे त्याच कुळातले. आर्तुझीने नोंदवले आहे की चाळीसएक वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत. ते ज्यूंचे हलके अन्न मानून लोक त्याकडे तुच्छतेने पाहत. एका भाजीच्या दोन नावांत भारत, इराण, अरबस्तान यांच्यामधला प्रवास आहे, आणि एका अल्पसंख्य समाजाकडे पाहण्याची इटालियन नजरही आहे.

असे आणखी शब्द आहेत. 'त्सुक्केरो' हा अरबी 'सुक्कर'वरून आला. त्याच्या मुळाशी 'शर्करा' आहे आणि आपली साखरही तिथूनच निघाली. 'आरांचा'च्या मागे अरबी 'नारंज', त्यामागे 'नारंग'. मराठीतले नारिंग त्याचे जवळचे नातेवाईक. उलट दिशेचे उदाहरण द्यायचे तर लॅटिन 'पानिस'पासून इटालियन 'पाने' झाला, पोर्तुगीज शब्द झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरून आपला पाव झाला. सोबत्याला इटालियनमध्ये 'कोंपान्यो' म्हणतात. ज्याच्याबरोबर पाव वाटून खातो तो, असा त्याचा मूळ अर्थ. मराठी विद्यार्थ्याला हे शब्द परके वाटत नाहीत, याचा शिक्षकांनी लाभ घ्यायला हवा.

पास्ताचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्को पोलोने चीनहून शेवया आणल्या, ही कथा अजूनही सांगितली जाते. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. अल-इद्रीसी या भूगोलकाराने सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रुज्जेरो याच्यासाठी लिहिलेला ग्रंथ पुरा झाला ११५४ मध्ये; त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या ठिकाणी 'इत्रिया' मोठ्या प्रमाणावर बनते आणि जहाजांनी मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही प्रदेशांत जाते, अशी नोंद आहे. 'इत्रिया' हा अरबी शब्दही मुळात ग्रीक. इटलीच्या टाचेवर, सालेंतो भागात, आजही 'चिचेरि ए त्रिया' हा पदार्थ होतो: हरभरे आणि पास्ता. यातला 'चिचेरि' सरळ लॅटिनमधून आलेला, 'त्रिया' ग्रीक-अरबी वाटेने आलेला. तीन शब्दांच्या या नावात भूमध्य सागराचा हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास सामावला आहे, आणि तो खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

साहित्याच्या शिक्षकांना इथे शंका येईल की हे सारे शब्दकुतूहल ठीक, पण साहित्यकृती वाचताना त्याचा उपयोग काय? उपयोग थेट आहे. मान्झोनीच्या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात नायक रेन्झो हा तोनिओच्या घरी जातो तेव्हा चुलीवर पोलेंता, म्हणजे पिठाचा घाटा, शिजत असतो आणि घरची माणसे त्याकडे डोळे लावून बसलेली असतात. हा पोलेंता करड्या रंगाचा आहे. आज पोलेंता म्हटला की मक्याचा पिवळा रंगच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे वाचक या विशेषणाशी अडखळतो किंवा, बहुधा, ते न वाचताच पुढे जातो. पण कथानक १६२८ सालचे, दुष्काळाचे आहे. मका लोंबार्दीच्या त्या भागात अजून रुळलेला नव्हता. मान्झोनी धान्याचे नावही देतो: 'ग्रान सारासेनो', सारासेनांचे धान्य, म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपासाला चालणारा कुट्टू. त्या करड्या रंगात काळाचे भान, दारिद्र्य आणि लेखकाची इतिहासनिष्ठा या तिन्ही गोष्टी आहेत. याच कादंबरीत पुढे मिलानमध्ये पावासाठी दंगल होते आणि भट्टीचे दुकान लुटले जाते. इटलीच्या प्रमाण गद्याचा जो आदर्श ग्रंथ, त्याची निम्मी हालचाल भुकेने होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले जाते का?

त्या करड्या पोलेंत्याचा पिवळा पोलेंता झाला, त्याची कहाणी पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात येते. अमेरिकेतून आलेल्या मक्याला इटलीत 'ग्रानतुर्को', तुर्की धान्य, असे नाव पडले. 'तुर्की' याचा अर्थ इथे केवळ परदेशी. मक्याचे पीक जास्त येते म्हणून उत्तरेतील जमीनदारांनी ते वाढवले, गहू विकला जाऊ लागला आणि शेतमजुरांच्या ताटात सकाळ-संध्याकाळ पोलेंता उरला. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत, त्यामुळे त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळे. धान्य समुद्र ओलांडून आले, ही रीत आली नाही. परिणामी पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचा सोलवटणे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्ली या वैद्याने १७७१ मध्ये त्याच्यासंबंधी लिहिले. 'पेल्ले आग्रा' म्हणजे खरखरीत कातडी. शेतकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द जगाच्या वैद्यकात गेला. आज उत्तरेतल्या माणसाला चिडवण्यासाठी दक्षिणेत 'पोलेंतोने' म्हणतात. ती शिवी उच्चारताना तिच्यामागची थडगी कोणाला आठवत नाहीत.

दक्षिणेकडेही नावे बदलली. नेपल्सच्या लोकांना सतराव्या शतकापर्यंत 'पालेखाऊ' म्हणत, कारण कोबीवर्गीय भाज्या आणि मांस हे त्यांचे अन्न होते. नंतर त्यांचे नाव 'माकारोनीखाऊ' झाले. एमिलिओ सेरेनी यांनी १९५८ मधील निबंधात या नामांतराचा शोध घेतला: शहराची लोकसंख्या वाढली, मांस महागले, कणीक मळण्याची व दाबाने पास्ता पाडण्याची यंत्रे आली, आणि पास्ता गरिबांच्या आवाक्यात आला. त्याच १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लांपेदूझाच्या 'इल गात्तोपार्दो' या कादंबरीत, १८६० च्या उलथापालथीत, सिसिलीतील राजपुत्र गावच्या प्रतिष्ठितांना जेवायला बोलावतो. फ्रेंच रीतीप्रमाणे आधी पातळ सूप येईल या धास्तीने पाहुणे बसलेले असतात, आणि येते ती कणकेच्या कवचात भाजलेली माकारोनी. त्यांचा जीव भांड्यात पडतो. सरंजामदार, नवश्रीमंत आणि परकी अभिरुची यांच्यातला सगळा तणाव त्या एका पदार्थात आहे.

व्याकरणाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. इटालियनमधील लघुत्वदर्शक आणि महत्त्वदर्शक प्रत्यय शिकवायला पास्त्याहून चांगले साधन नाही. 'स्पागो' म्हणजे सुतळी, 'स्पागेत्ती' म्हणजे बारीक सुतळ्या, 'स्पागेत्तीनी' त्याहून बारीक, 'स्पागेत्तोनी' जाड. 'ओरेक्किएत्ते' म्हणजे छोटे कान, 'व्हेर्मिचेल्ली' म्हणजे छोटे किडे. कृदन्ते हवी असतील तर 'माल्तालियाती', वेडेवाकडे कापलेले. 'पेस्तो', म्हणजे ठेचलेले, ज्याची घडण आपल्या ठेच्यासारखीच. 'रिबोल्लिता' म्हणजे पुन्हा उकळलेली. आपल्याकडे शिळ्या कढीला ऊत आणणे हा दोष मानतात. तोस्कानातल्या शेतकऱ्याने शिळ्या भाजी-पावाच्या सुपाला पुन्हा उकळी आणली आणि तेच पदार्थाचे नाव ठेवले. 'स्त्रोत्साप्रेती' या पास्त्याच्या नावाचा अर्थ पाद्र्याचा गळा घोटणारे. नावाच्या उगमाबद्दल कथा अनेक आहेत. पण ज्या रोमान्यात ते रुळले तो प्रांत १८५९ पर्यंत पोपच्या राज्यात होता, एवढे सांगितले तरी वर्गात चर्चा सुरू होते.

इथवरचे विवेचन वाचून कोणी असा समज करून घेईल की प्रत्येक जुना पदार्थ म्हणजे इतिहासाचा विश्वासू साक्षीदार. तसे मुळीच नाही. साक्षीदार खोटेही बोलतात. बोलोन्याचा 'तालियातेल्ले' हा पास्ता १४८७ मध्ये लुक्रेत्सिया देस्ते हिच्या विवाहप्रसंगी तिच्या सोनेरी केसांवरून सुचला, ही कथा आउगुस्तो मायानी या बोलोन्याच्या विनोदी लेखक-चित्रकाराने विसाव्या शतकात रचलेली आहे. १८८९ मध्ये राणी मार्गेरितासाठी नेपल्समध्ये पहिला मार्गेरिता पिझ्झा झाला, या कथेच्या पुराव्यांबद्दलही इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. रोमची 'कार्बोनारा' प्राचीन वाटते, पण तिचा मागमूस लागतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९७२ मध्ये बोलोन्याच्या व्यापार मंडळात तालियातेल्लेचे अधिकृत माप नोंदवले गेले: शिजल्यावर रुंदी आठ मिलिमीटर. आल्बेर्तो ग्रांदी या अभ्यासकाने २०१८ मधील पुस्तकात अशा 'शोधलेल्या' परंपरांवर कोरडे ओढले आणि त्यावरून इटलीत मोठे वादळ उठले.

तरीही या कथा टाकून द्याव्यात असे मला वाटत नाही. कथा केव्हा जन्माला आली आणि कोणाला तिची गरज होती, असे विचारले की बनावट कथाही खरा दस्तऐवज ठरते. फक्त ती ज्या काळाविषयी बोलते त्याऐवजी ज्या काळात बोलली गेली त्याची ती साक्ष देते. फासिस्ट राजवटीतले उदाहरण घ्या. परकीय शब्द हद्दपार करण्याच्या त्या काळात, १९३० मध्ये, मारिनेत्तीने पास्ताविरुद्ध जाहीरनामा काढला आणि पुढे १९३२ च्या पुस्तकात 'बार'ला 'क्विसिबेव्हे', म्हणजे 'इथे पितात', असा प्रतिशब्द सुचवला. क्विसिबेव्हे कोणाच्या तोंडी बसला नाही, पास्ताही कोणी सोडला नाही. वरून येणाऱ्या आज्ञेला स्वयंपाकघर किती दाद देते, याचा हा नमुना आहे.

हा प्रश्न आज केवळ विद्यापीठीय उरलेला नाही. १० डिसेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने इटलीच्या पाकपरंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्या दिवाळीची नोंदही त्याच बैठकीत झाली. त्या प्रस्तावात विविधतेचा उल्लेख होता हे चांगलेच. परंतु असा सन्मान मिळाला की 'आमचे अन्न', 'अस्सल अन्न' अशी भाषा बळावते आणि अन्न हे ध्वजासारखे फडकू लागते. मास्सिमो मोंतानारी यांच्यासारखा इतिहासकार सतत बजावत आला आहे की ओळख ही मुळाशी नसते, ती देवघेवीतून घडते. अमेरिकेचा टोमॅटो आणि मका, अरबांनी रुळवलेली वांगी आणि साखर, ग्रीक-अरबी नावाचा पास्ता हे सारे वजा केले तर 'अस्सल' ताटात उरेल काय?

दुसरा धोका गोड आठवणींचा. 'कुचिना पोव्हेरा', गरिबांचा स्वयंपाक, हा आज महागड्या उपाहारगृहांचा लाडका शब्द आहे. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करून खाणे म्हणतात तेच तोस्कानातल्या किंवा बाझिलिकातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यातले कौशल्य वादातीत आहे. पण कोंडाच का उरला होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय मांड्याचे कौतुक करणे अप्रामाणिक आहे. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख लोक इटली सोडून गेले. ज्या स्वयंपाकाला आज जग वारसा म्हणते, त्यातले मांस, पांढरा पाव आणि वाळलेला पास्ता यांतले कितीतरी त्या लोकांना रोज मिळू लागले ते अमेरिकेत गेल्यावर. कांपोरेझी यांनी इटलीला 'भुकेचा देश' म्हणून पुस्तक लिहिले, ते याच जाणिवेतून.

मग शिक्षकाने करावे काय? एक पदार्थ घ्यावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत: नाव कुठले, जिन्नस कुठले, कोण खात होते आणि कोणाला मिळत नव्हते, आणि हे कोणी व केव्हा लिहून ठेवले. उदाहरणादाखल व्हिचेन्त्साचा 'बाकाला' घेऊ. इटलीत अन्यत्र 'बाक्काला' म्हणजे खारवलेला कॉड मासा. व्हेनेतोत त्याच शब्दाने वाऱ्यावर सुकवलेला, बिनमिठाचा कॉड ओळखला जातो, ज्याला इतरत्र 'स्तोक्काफिस्सो' म्हणतात. सुकी मासळी आणि खारी मासळी यांतला भेद कोकणी माणसाला समजावून सांगायला नको. तिथले लोक शब्दही एकाच 'क'ने लिहितात, कारण व्हेनेशियनमध्ये प्रमाण इटालियनसारखी जोड व्यंजने नाहीत. ध्वनिशास्त्राचा एक धडा इथेच झाला. जिन्नस पाहू गेलो तर मासा नॉर्वेचा: पिएत्रो क्वेरिनी या व्हेनेशियन सरदाराचे जहाज फुटून तो १४३२ च्या आरंभी लोफोतेन बेटांवर पोचला, आणि त्याच्या वृत्तान्तात हा सुकवलेला मासा येतो. चर्चने नेमून दिलेल्या उपासांच्या दिवशी मांस वर्ज्य होते, त्यामुळे समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना टिकाऊ मासा हवाच होता. सोबत वाढला जातो तो पोलेंता, म्हणजे पुन्हा मका. आणि या पदार्थाच्या जतनासाठी सांद्रिगो गावी मंडळ स्थापन झाले ते १९८७ मध्ये, जेव्हा गरिबी सरली होती आणि आठवण उरली होती. एका ताटात ध्वनिशास्त्र, अर्थविचार, समुद्री व्यापार, धर्म आणि स्मृतीचे राजकारण आहे.

ही पद्धती माझी नव्हे आणि नवीही नव्हे. याबेर्ग आणि युड या स्विस भाषाशास्त्रज्ञांनी १९२८ ते १९४० या काळात इटली व दक्षिण स्वित्झर्लंडचा जो भाषिक नकाशासंग्रह सिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच 'भाषा' आणि 'वस्तू' एकत्र होत्या. पाउल शॉयरमायर, गेर्हार्ड रोल्फ्स यांसारखे त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून शब्दाबरोबर भांडे, चूल, नांगर यांची माहिती टिपत. वस्तू पाहिल्याशिवाय शब्द कळत नाही, ही त्यांची धारणा होती. १९५६ मध्ये रॉबर्ट र‍्यूएग याने बोलचालीच्या इटालियनची पाहणी केली, तेव्हा सुमारे अडीचशे संकल्पनांपैकी सर्व देशभर एकच नाव असलेली संकल्पना सापडली फक्त एक: बारमध्ये मिळणारी कडक कॉफी, 'एस्प्रेस्सो'. कलिंगडालाही उत्तरेत 'आंगुरिया', मध्य इटलीत 'कोकोमेरो' आणि दक्षिणेत 'पाणखरबूज' अशा अर्थाचे नाव आहे. प्रमाणभाषेचे पाठ्यपुस्तक यांपैकी एक शब्द देऊन मोकळे होते.

आपले इटालियन शिकणारे विद्यार्थी दान्ते वाचतात, मान्झोनी वाचतात, ते वाचलेच पाहिजेत. परंतु चाळलेल्या पिठापुरतीच ओळख राहिली तर ज्या कोट्यवधी लोकांच्या तोंडी ती भाषा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नव्हती, त्यांचा इतिहास त्यांच्या वाचनात येणारच नाही. त्या लोकांनी ग्रंथ फारसे लिहिले नाहीत. त्यांनी पदार्थ केले आणि त्यांना नावे ठेवली. ती नावे वाचायला शिकवणे हे साहित्याच्या वर्गाचे काम आहे, आणि ते करताना प्रत्येक गोड कथेला पुरावा मागणे हेही त्याच वर्गाचे काम आहे.